कथेतला रक्तदाता

आपल्या कथांतला मुसलमान रक्तदान करून करून अशक्त झाला आहे. दंगल पेटते, शेजारचा पांडुरंग जखमी होतो, रहीमचाचांचा रक्तगट नेमका जुळतो. संपली कथा! हिला कथा म्हणायचं की चारित्र्याचा दाखला?

हमीद दलवाईंचे विचार कुणाला पटोत न पटोत. पण १९६५च्या ‘इंधन’मध्ये त्यांनी असा दाखला कुणापुढे धरला नाही. कोकणातलं गाव हेव्यादाव्यांसकट, वासनांसकट मांडलं. आम्ही मात्र बहिणीचा शरीअतने दिलेला हिस्सा गिळणारा नमाजी भाऊ कथेतून गाळतो. का, तर समाजाची बदनामी होईल. अहो, ती त्या भावाने केव्हाच केली आहे. लिहा त्याच्यावर.

भाषेचंही तेच. आमच्या नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्यात शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत रचला, बिनधास्त. आणि घरात ‘मेरेकू नक्को’ म्हणणारी आमची अम्मी कथेत शिरताच ‘तशरीफ रखिए’ म्हणू लागते! आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. मधल्या सुट्टीत तिथलं एक पोर असं बोलत नाही. अम्मीला तिच्या दखनीतच बोलू द्या. बागवानाला बाजारात भावावरून भांडू द्या, पिंजाऱ्याच्या केसांतला कापूस दिसू द्या. आणि ‘जनाजा’पुढे कंसात ‘अंत्ययात्रा’ लिहिणं तेवढं थांबवा. चार माणसं खांदा देताना दाखवलीत, तर कुणालाही कळतं.