गायरानाचा हिशेब आणि शिवराम कारंत

१९८९ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर कन्नड जिल्ह्यातून एक अपवादात्मक उमेदवार उभे राहिले होते. वयाची ८७ वर्षे त्यांनी नुकतीच पूर्ण केली होती आणि ज्ञानपीठ पुरस्कार मिळून त्यांना एक तप उलटले होते. काळी नदीच्या खोऱ्यात कैगा येथे होऊ घातलेल्या अणुवीज केंद्राला त्यांचा विरोध होता व तो मतदारांपुढे मांडावा, एवढ्यासाठी ते घराबाहेर पडले होते. मतदारांनी त्यांना निवडून दिले नाही. कन्नड कादंबरीकार कोटा शिवराम कारंत यांच्याविषयी त्या वेळी जो प्रश्न विचारला गेला, तो आपल्याकडेही अधूनमधून ऐकू येतोच: साहित्यिकाने आपले लेखन सोडून असल्या उद्योगात का पडावे?

माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. कारंतांनी लेखन सोडले नव्हते. १९३३ साली ‘चोमन दुडी’ या कादंबरीत जे लिहिले, तेच ते अर्धशतकानंतर न्यायालयात आणि प्रचारसभांत मांडत होते. चोमा हा अस्पृश्य वेठबिगार. त्याच्यापाशी बैलजोडी आहे, राबणारे हात आहेत, नाही ती केवळ जमीन. अर्थशास्त्राच्या वर्गात उत्पादनाचे घटक शिकवताना आम्ही भूमी, श्रम, भांडवल अशी नावे फळ्यावर लिहितो. पण दोन घटक हाती असूनही तिसरा केवळ जातीमुळे मिळू नये, ही गोष्ट आमच्या क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाही. मालकाचे मन क्षणभर द्रवते, परंतु घरातील रूढी आडवी येते. कर्ज फेडण्यासाठी मुले कॉफीच्या मळ्यावर जातात आणि घर उद्ध्वस्त होते. चोमाजवळ शेवटी उरतो तो त्याचा दुडी हा लहानसा ढोल. त्याला जे बोलता येत नाही, ते तो वाजवतो.

कारंतांचे संगीत त्यांच्या लेखनापासून वेगळे काढता येत नाही ते यामुळेच. ‘मरळि मण्णिगे’तील राम व्हायोलिन वाजवतो आणि अखेर समुद्रकाठच्या गावाकडे परततो. स्वतः कारंत वळले ते यक्षगानाकडे. आपल्या कोकणातील दशावतार पाहिलेल्या वाचकाला यक्षगान फारसे परके वाटू नये. कारंतांनी त्यातील राग, ताल, नृत्य व वेशभूषा यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. ‘यक्षगान बयलाट’ या ग्रंथाला १९५९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तथापि ते नुसते जतन करणारे नव्हते. रात्रभर चालणारा खेळ त्यांनी काही तासांवर आणला, उत्स्फूर्त संवाद जवळजवळ गाळले, साथीला व्हायोलिन आणि सॅक्सोफोन घेतले. जाणकार संतापले. त्यांच्या संतापात तथ्यही होते, कारण संवादांवाचून यक्षगान म्हणजे निरूपणावाचून कीर्तन. परंतु परंपरेला हात न लावता ती आपोआप टिकेल, असे मानणाऱ्यांपैकी कारंत नव्हते, ही गोष्ट पुढे त्यांना ‘प्रगतीचे शत्रू’ ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवी होती.

आता गायरानाकडे वळू. १९८४ साली कर्नाटक सरकारने एका खासगी कारखान्याच्या भागीदारीत ‘कर्नाटक पल्पवुड्‌स’ ही कंपनी स्थापन केली आणि सुमारे ३०,००० हेक्टर सामायिक जमीन तिच्याकडे सोपवण्याचे ठरवले. तेथे निलगिरीची लागवड व्हावयाची होती, कारखान्याला लगदा हवा होता. कागदोपत्री ही जमीन पडीक. प्रत्यक्षात भोवतालच्या गावांची गुरे तेथे चरत, चुलीचे सरपण आणि झोपडीचे छप्पर तेथूनच येई. ज्याची पावती फाडली जात नाही ते उत्पन्न नव्हे, असे राष्ट्रीय उत्पन्नाचे आमचे गणित सांगते. म्हणून गाईने खाल्लेला चारा शून्य, आणि त्याच जागी उगवलेली निलगिरी मात्र उत्पादन. या शून्याविरुद्ध समाज परिवर्तन समुदाय या संस्थेबरोबर कारंत १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८७ च्या नोव्हेंबरात कुसनूर येथे गावकऱ्यांनी निलगिरीची रोपे उपटून त्या जागी आपल्या उपयोगाची झाडे लावली. १९९१ साली ती कंपनी गुंडाळावी लागली. भारताच्या पर्यावरणस्थितीवरील पहिला नागरिक अहवाल १९८२ साली निघाला, तो कन्नडमध्ये आणण्याचे कामही ऐंशी वर्षांच्या या लेखकाने अंगावर घेतले होते. अहवाल इंग्रजीत राहिला तर तो कोण वाचणार?

कैग्याच्या बाबतीत मात्र मी त्यांच्याशी सर्वस्वी सहमत नाही. १९९४ साली बांधकाम चालू असताना तेथील घुमट कोसळला, तेव्हा शंका घेणारे निव्वळ भित्रे नव्हते हे दिसलेच. परंतु याच केंद्राची पहिली अणुभट्टी २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालली आणि तो त्या वेळी जागतिक विक्रम ठरला, हेही नोंदवले पाहिजे. ज्या दिव्याखाली हा लेख लिहिला त्याला वीज कोठून तरी यावीच लागते. मतभेद आहे तो एवढाच. विज्ञानाचे अज्ञान हे त्यांच्या विरोधाचे कारण खासच नव्हते. मुलांसाठी ‘बाल प्रपंच’ आणि पुढे चार खंडांचा ‘विज्ञान प्रपंच’ लिहिणाऱ्या माणसावर तो आरोप टिकत नाही. काळीच्या खोऱ्यातील लोकांनी धरणांसाठी आधीच घरे सोडली होती. त्यांना पुन्हा कोणी विचारले काय, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. आणीबाणीत पद्मभूषण परत करणाऱ्याला तो सुचावा यात नवल नाही. त्याच वर्षी कऱ्हाडला दुर्गाबाई भागवत उभ्या होत्या, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे कारंतांच्या काही कादंबऱ्या मराठीत आल्या आहेत. त्या वाचणाऱ्याने ‘बेट्टद जीव’ अवश्य मिळवावी. त्या १९४३ च्या कादंबरीचा नायक, म्हातारा गोपाळय्या, डोंगरातले रान तोडून सुपारीची बाग उभी करतो, आणि कारंत त्याच्याविषयी अपार प्रेमाने लिहितात. रान वाचवण्यासाठी न्यायालयात गेलेल्या लेखकाने रान तोडणाऱ्याला नायक केले होते. विद्यार्थी मला यातील विसंगती दाखवतात. मी त्यांना एवढेच विचारतो, की गोपाळय्याने किती एकर तोडले आणि ते तोडून तो राहावयास कोठे गेला.