पास झाला, पण पात्र झाला का?



बारावीचा निकाल लागला की आपल्या नाट्यात पेढ्यांचे पुडे फिरतात. फिरायलाच हवेत. कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला असतो. 2024 ला आपला निकाल 97.51 टक्के लागला, तेव्हा राज्याचा होता 93.37. 2025 ला आपला 96.74 आणि राज्याचा 91.88. ऊर भरून येतो. पण या आकड्यामागे एक गोष्ट दडून राहते, आणि ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो. पास होणं वेगळं आणि प्रवेशाला पात्र होणं वेगळं.

मागे एक विद्यार्थी निकालानंतर वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. पोरगा हुशार. सीईटीला 86 पर्सेंटाइल. रत्नागिरीत की कोल्हापुरात, कुठलं कॉलेज मिळेल याचा हिशोब त्यांनी घरी मांडून ठेवला होता. मी गुणपत्रिका हातात घेतली. भौतिकशास्त्र 40, रसायनशास्त्र 45, गणित 43. तिन्ही विषयांत पास. बेरीज 300 पैकी 128. खुल्या प्रवर्गाला इंजिनिअरिंगसाठी या विषयांत मिळून 45 टक्के लागतात, म्हणजे 135. सात गुण कमी. वडील बोटीवर जाणारे. ते म्हणाले, "सर, पोरगा पास झालाय ना? मग अडलं कुठं?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना माझी मान खाली गेली. कारण हे उत्तर मी त्यांना दोन वर्षं आधी द्यायला हवं होतं.

तो पोरगा आळशी नव्हता. त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं, "बोर्डाचं काय, होऊन जातं. सीईटीवर लक्ष दे." सांगणाऱ्यांत क्लासवाले होते, मोठी भावंडं होती आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही होतो.

मोठ्या भावंडांचं ज्ञान त्यांच्या काळापुरतं असतं, हेही लक्षात घ्या. 2014 आणि 2015 ला महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण निम्मे धरले जात. 2016 पासून पुन्हा राज्याची सीईटी आली आणि यादी सीईटीच्या गुणांवर लागू लागली. जेईई मेनच्या क्रमवारीतही 2016 पर्यंत बोर्डाचे 40 टक्के वजन होतं, 2017 पासून ते गेलं. लोकांनी यातून अर्थ काढला की बोर्ड संपलं. बोर्ड संपलं नाही. यादीतून निघून ते दारात जाऊन उभं राहिलं. नंबर किती वर लागला हे ते आता विचारत नाही, पण आत सोडायचं की नाही हे तेच ठरवतं.

दाराची उंचीही प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. बारावी पास व्हायला 35. राज्यात इंजिनिअरिंगला 45, राखीव प्रवर्गाला 40. नीट देऊन मेडिकलला जायचं तर भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 40, आणि इंग्रजीत पास असणं सक्तीचं. जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीला जायचं तर बारावीत एकूण 75 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना 65, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. कोरोनाच्या काळात ही 75 ची अट शिथिल होती. 2023 पासून ती परत आली. परदेशातही असंच आहे. इंग्लंडमधली विद्यापीठं बहुतेक वेळा अटीवर जागा देतात आणि शेवटच्या परीक्षेत ते गुण आले नाहीत तर जागा जाऊ शकते. हातात आलेली जागा शेवटच्या वर्षाच्या ढिलाईने जाते, हे दुखणं जगभरचं आहे.

आता आम्हा शिक्षकांच्या चुकीकडे येतो. भौतिक आणि रसायनला प्रात्यक्षिकाचे 30-30 गुण, गणिताला 20. म्हणजे 300 पैकी 80 गुण कॉलेजच्या हातात. ते आम्ही सढळ हाताने देतो, पोराचं नुकसान नको म्हणून. या विद्यार्थ्याला 80 पैकी 66 होते. म्हणजे लेखी 220 पैकी त्याने मिळवले फक्त 62. प्रात्यक्षिकाच्या गुणांनी त्याला पास केलं आणि तो लेखीत किती खाली आहे हे आमच्यापासून, त्याच्यापासून आणि घरच्यांपासून झाकून ठेवलं. पूर्वपरीक्षेतही आपण हेच करतो. पेपर तपासताना "बोर्डाला करील" म्हणून दोन गुण वाढवतो. ही माया नाही. जानेवारीत बसायचा चटका आपण जूनवर ढकलतो, एवढंच.

दुसरं, चार पर्यायांतून एक निवडणं आणि कोऱ्या कागदावर सिद्धता लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. सीईटीला उणे गुण नसतात, अंदाज चालतो. बोर्डाच्या पेपरात सूत्र कुठून आलं ते लिहावं लागतं, आकृती काढावी लागते, एकक लिहावं लागतं. वर्षभर फक्त गोल काळे करणाऱ्या मुलाचा हात तीन तास चालत नाही.

काही जण म्हणतील, प्रवेश परीक्षा आहे ना, मग ही अट कशाला? मला ती अट योग्य वाटते. तीन तासांच्या एका परीक्षेपेक्षा दोन वर्षांच्या अभ्यासाला थोडी तरी किंमत हवी. अन्याय अटीत नाही. अन्याय यात आहे की शहरातल्या मुलाला ती अकरावीत कळते आणि आपल्याकडच्या मुलाला निकालानंतर.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा: 35, 45, 50, 75. खाली लिहा कोणता आकडा कशासाठी. पूर्वपरीक्षेचे लेखी गुण वेगळे दाखवा, प्रात्यक्षिकाचे वेगळे. पालकांनी "पास आहे ना?" असं विचारू नये, "लेखीत किती?" असं विचारावं. घरी रोज एक तास फक्त लिहिण्याचा ठेवा. आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हाच शिमगाही येतो. पालखी दारात आली की पोर घरात बसणार नाही, बसूही नये. पण पालखीपुढे नाचून झाल्यावर घरी परतायची वेळ घरातल्या मोठ्यांनी ठरवावी.

त्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी श्रेणीसुधारसाठी पुन्हा परीक्षा दिली. बेरीज 171 झाली, प्रवेश मिळाला. पण एक वर्ष गेलं, आणि ते वर्ष वडिलांनी बोटीवरच्या कमाईतून भरलं. त्यांनी आम्हाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

सात गुण म्हणजे एक सिद्धता आणि दोन आकृत्या. तेवढं त्याच्याकडून आम्ही लिहून घेऊ शकलो असतो. यंदा बारावीच्या वर्गात शिरताना मी ते विसरणार नाही.