मैदान कुणासाठी बंद झाले?

२२ जून २०२० रोजी अमेरिकेतील ऑर्लँडो प्राईड या व्यावसायिक महिला फुटबॉल संघाने स्पर्धेतून माघार घेतली. स्पर्धा सुरू व्हायला अवघे पाच दिवस उरले होते. संघातील सहा खेळाडू आणि चार कर्मचारी कोरोना चाचणीत बाधित निघाले. कुणालाही लक्षणे नव्हती. परंतु बाकी आठ संघ युटा राज्यात दाखल होऊन खेळले आणि हा नववा संघ फ्लोरिडातच घरी बसून राहिला.

कुणी म्हणेल, महामारीत लाखो माणसे मेली, आपल्याकडे मजूर बायका-पोरांना घेऊन शेकडो मैल उन्हातून चालत गेले, तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या एका फुटबॉल संघाचा हंगाम हुकला याचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. परंतु संकट आले की आधी कुणाचे काम थांबते, कुणाचे सर्वात शेवटी सुरू होते आणि नुकसानीचा बोजा कुणाच्या डोक्यावर टाकला जातो, हे तपासायचे असेल तर उदाहरण स्वच्छ असावे लागते. एकच शहर, एकच खेळ, एकच रोग, एकच मालक आणि दोन संघ, एक पुरुषांचा व एक महिलांचा, असे उदाहरण क्वचितच हाती लागते. ऑर्लँडोने ते दिले आहे.

आधी घटनाक्रम पाहू. अमेरिकेतील नॅशनल विमेन्स सॉकर लीगचा २०२० चा हंगाम १८ एप्रिलला सुरू होणार होता. १२ मार्चला सराव थांबला आणि नंतर हंगामच गुंडाळला गेला. त्याऐवजी २७ जून ते २६ जुलै या काळात युटामध्ये सर्व संघांना एकाच ठिकाणी बंदिस्त ठेवून, प्रेक्षकांविना, चॅलेंज कप नावाची छोटी स्पर्धा घेण्यात आली. महामारीत मैदानावर परतणारी ती अमेरिकेतील पहिली मोठी सांघिक व्यावसायिक लीग ठरली. याचे श्रेय त्या खेळाडूंना दिलेच पाहिजे. पुरुषांच्या बलाढ्य लीग अजून हिशेब मांडत बसल्या होत्या, तेव्हा या महिलांनी आपले आरोग्य पणाला लावून खेळ सुरू केला. नंतर शरद ऋतूत आणखी एक छोटी मालिका झाली, त्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला चार सामने आले. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, प्रत्येक संघ साखळीत २४ सामने खेळला होता. ऑर्लँडो प्राईडसाठी २०२० चे संपूर्ण वर्ष म्हणजे ते चार सामने! अनेक नामवंत खेळाडू तोवर उसनवारीवर परदेशातल्या क्लबांकडे गेल्या होत्या.

आता त्याच शहरातील दुसरी बाजू पाहा. पुरुषांच्या मेजर लीग सॉकरने ८ जुलैपासून आपली पुनरागमनाची स्पर्धा भरवली ती ऑर्लँडोतच, डिस्नेच्या क्रीडासंकुलात. तिथेही कोरोना शिरला. डॅलस आणि नॅशव्हिल या दोन संघांत इतके खेळाडू बाधित निघाले की दोन्ही संघांना स्पर्धेबाहेर काढावे लागले. म्हणजे आपत्ती तीच, निर्णयही तोच. फरक पडला तो त्यानंतर. १२ ऑगस्टला हेच दोन संघ एकमेकांविरुद्ध मैदानात उतरले आणि त्यांचा हंगाम पुढे चालू झाला. ऑर्लँडो सिटी हा पुरुष संघ त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि वर्षभरात वीसहून अधिक सामने खेळला. महिला संघाचा मालक तोच, शहर तेच. महिलांना चार सामने!

रोगाने भेदभाव केला नाही. रोग दोन्ही संघांच्या दारात सारखाच आला. पडल्यावर पुन्हा उभे राहण्याची सोय एकाजवळ होती आणि दुसऱ्याजवळ नव्हती. विषमता म्हणतात ती हीच. ती पडण्यात दिसत नाही, उठण्यात दिसते.

प्राईडने माघार घेतली तेव्हा चर्चा कशाची झाली? काही तरुण खेळाडू बारमध्ये गेल्या होत्या, अशा बातम्या छापून आल्या आणि समाजमाध्यमांवर त्या मुलींना झोडपणे सुरू झाले. बेफिकिरी झाली असेल तर तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु फ्लोरिडाच्या बहुतेक भागात ५ जूनपासून बार उघडायला परवानगी दिली होती ती सरकारने. धंदा सुरू व्हावा म्हणून दारे उघडणारे नामानिराळे राहिले आणि उघड्या दारातून आत गेलेल्या मुली गुन्हेगार ठरल्या. नियम करणारा सुटतो आणि नियमाखाली जगणारा दोषी ठरतो, हा न्याय आपल्या वाचकांना नवा नाही.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की, पुरुषांच्या खेळात पैसा आहे, प्रेक्षक आहेत, म्हणून त्यांच्यासाठी खर्च करता येतो; यात अन्याय कसला, हा तर बाजार आहे. हा युक्तिवाद तपासून पाहू. चॅलेंज कपचा पहिला सामना दूरचित्रवाणीच्या मुख्य वाहिनीवर दाखवला गेला तेव्हा तो ५ लाख ७२ हजार लोकांनी पाहिला. अंतिम सामना ६ लाख ५३ हजार लोकांनी पाहिला. लीगच्या तोवरच्या इतिहासातला तो उच्चांक होता. म्हणजे प्रेक्षक नव्हते असे नाही, प्रेक्षकांसमोर खेळ नेलाच जात नव्हता. आधी दाखवायचे नाही आणि मग कुणी पाहत नाही म्हणून दाखवायचे नाही, हे चक्र बाजाराने आपोआप तयार केलेले नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली आपल्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी घातली. त्याच्या आदल्या वर्षी लिव्हरपूल शहरात महिलांचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक लोटले होते! ती बंदी उठायला पन्नास वर्षे लागली. पन्नास वर्षे मैदानाबाहेर ठेवलेल्यांना आज विचारले जाते, तुमचा प्रेक्षक कुठे आहे?

त्याच लिव्हरपूलचे २०२० मधले उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये महिलांची सुपर लीग मे महिन्यात अर्ध्यावर बंद केली गेली आणि प्रति सामना सरासरी गुणांवर निकाल लावला गेला. उरलेले सामने खेळून स्वतःला वाचवण्याची संधी न मिळताच लिव्हरपूलचा महिला संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. पुरुषांची प्रीमियर लीग मात्र १७ जूनला पुन्हा सुरू झाली आणि त्याच महिन्यात लिव्हरपूलचा पुरुष संघ विजेता ठरला. एकाच क्लबच्या दोन संघांचा हा जून महिना!

वकील म्हणून मला या प्रकरणात दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. करारनाम्यात बहुधा एक कलम असते: दैवी आपत्ती, युद्ध, साथ यांमुळे काम अशक्य झाले तर पक्षकार जबाबदारीतून मुक्त. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही, काम अशक्य झाल्यास करार रद्दबातल ठरवणारे ५६ वे कलम आहे. लॉकडाऊननंतर कामावरून काढलेली जी माणसे माझ्याकडे कागद घेऊन आली, त्यांना मालकांनी तोंडी सांगितलेले कारण हेच होते: आमच्या हातात काय आहे, ही तर देवाची करणी! देवाची करणी मालकाला मोकळे करते आणि मजुराला उपाशी ठेवते, हा या कलमाचा व्यवहारातला अर्थ आहे.

मग घरी बसलेल्या ऑर्लँडोच्या खेळाडूंचे काय झाले? त्या उपाशी राहिल्या नाहीत. या लीगमध्ये २०२० साली किमान वार्षिक वेतन २० हजार डॉलर आणि कमाल साधारण ५० हजार डॉलर होते. अमेरिकेतल्या राहणीमानात २० हजार डॉलर म्हणजे जेमतेम भाडे आणि जेवण. परंतु स्पर्धा सुरू होण्यापूर्वी खेळाडूंच्या संघटनेने लीगशी बोलणी केली आणि अटी पदरात पाडून घेतल्या. खेळा अथवा न खेळा, वर्षाचे वेतन मिळेल. विमा चालू राहील. धोका नको म्हणून एखादीने माघार घेतली तरी तिचा पगार कापला जाणार नाही. लेकुरवाळ्या खेळाडूंची मुलांसह राहण्याची सोय होईल. म्हणून संघाने सामने गमावले, पण खेळाडूंनी वेतन गमावले नाही. हे कुणाच्या दयेने झाले नाही. संघटना आधीपासून उभी होती म्हणून झाले. साथ आल्यावर संघटना बांधायला बसलो असतो तर काय मिळाले असते? आणि हा झगडा स्त्री विरुद्ध पुरुष असाही नाही. त्याच उन्हाळ्यात मेजर लीग सॉकरच्या मालकांनी टाळेबंदीची धमकी देऊन पुरुष खेळाडूंकडूनही वेतनकपात कबूल करून घेतली होती. मालक तो मालकच.

नुकसान कुणी सोसावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे फार पूर्वी दिले गेले आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिविषयक लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते की, या भाराचा मोठा वाटा सरकारने उचलावा. परंतु जो मालक स्त्रियांच्या श्रमातून नफा कमावतो त्यालाही या जबाबदारीतून अंग काढून घेता येणार नाही. ज्याचा नफा त्याची जबाबदारी, इतके साधे हे तत्त्व आहे. ते गिरणीला लागू आहे, तसेच मैदानालाही लागू आहे.

आता आपल्या घरात डोकावू. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात पुरुषांची इंडियन सुपर लीग गोव्यात खेळवली गेली. अकरा संघ, तीन मैदाने, हॉटेलांतले बबल, चाचण्या, सगळे झाले आणि मुंबई सिटीने फातोर्ड्यात चषक उचलला. महिलांची इंडियन विमेन्स लीग मात्र त्या हंगामात झालीच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गोकुळम केरळने ती जिंकली होती, त्यानंतरची लीग थेट २०२२ च्या एप्रिलमध्ये ओडिशात सुरू झाली. दोन वर्षे! दुसऱ्या लाटेत स्पर्धा घेणे शक्य नव्हते हे मान्य. पण पुरुषांचा हंगाम लाटेच्या आधी उरकून घेता आला, महिलांचा वेळापत्रकात मागे राहिला आणि लाटेत सापडला. मागे कुणाला ठेवायचे हे विषाणूने ठरवले नव्हते.

जानेवारी २०२२ ची जखम तर आपल्या नवी मुंबईतली आहे. आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद भारताकडे होते. विश्वचषकाचे दार प्रथमच किलकिले झाले होते. २० तारखेला इराणशी बरोबरी झाली. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याआधी इतक्या जणी बाधित निघाल्या की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला, खेळलेला सामनाही रद्द धरला गेला. त्याच महिन्यात गोव्यात पुरुषांच्या लीगमधील अनेक सामने कोरोनामुळे पुढे ढकलले गेले आणि नंतर खेळवले गेले. दोन्ही स्पर्धा वेगळ्या, आयोजक वेगळे, आंतरराष्ट्रीय स्पर्धेला तारखांची मर्यादा असते, हे सारे खरे. तरीही एकाला तारीख मिळाली आणि दुसरीला घरची वाट, हेही तितकेच खरे. या मुलींपैकी कित्येक मणिपूर, झारखंड, तामिळनाडू, ओडिशातल्या गरीब घरांतून आलेल्या. त्यांची चार वर्षांची मेहनत एका चाचणीत संपली आणि देशाने दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी वाचली.

अमेरिकेतल्या खेळाडू मात्र गप्प बसल्या नाहीत. २०२१ मध्ये प्रशिक्षकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध त्या उघडपणे बोलल्या, तेव्हा लीगच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. २०२२ मध्ये त्यांनी पहिला सामूहिक करार मिळवला आणि किमान वेतन ३५ हजार डॉलरवर नेले. २०२४ च्या करारात, खेळाडूला न विचारता तिला कोणत्याही क्लबच्या पदरात टाकणारी ड्राफ्टची पद्धतच मोडीत काढली. आणि २०२० मध्ये ज्या संघाच्या नशिबी चार सामने आले होते, त्याच ऑर्लँडो प्राईडने २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लीगचे विजेतेपद पटकावले!

आपल्याकडे २०२३ मध्ये फुटबॉल महासंघाने विमेन्स लीगच्या क्लबांना किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला ३ लाख २० हजार रुपयांचा किमान करार करण्याचे बंधन जाहीर केले. पाऊल योग्य आहे. परंतु वरून दिलेली रक्कम वरूनच काढून घेता येते. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या हाती तिला समजेल अशा भाषेतला लेखी करारनामा असला पाहिजे. हंगाम रद्द झाला तर वेतनाचे काय, आजारपणाचे काय, बाळंतपणाचे काय, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. आणि या अटींवर सही करण्यापूर्वी बोलणी करायला खेळाडूंची स्वतःची संघटना असली पाहिजे.

पुढची साथ कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. ती आली की मैदाने पुन्हा बंद होतील. तेव्हा कुणाचे मैदान आधी उघडायचे, हा निर्णय होत असताना त्या खोलीत या मुलींचा प्रतिनिधी बसलेला असेल की नाही, हे मात्र आज ठरवावे लागेल.