बक्षिसाचे निबंध पुरे, आता अर्ज लिहा!

३ डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन जवळ आला की विधी महाविद्यालयांच्या फलकांवर ‘दिव्यांगांचे हक्क’ या विषयावरच्या निबंध स्पर्धांचे कागद झळकतात. विद्यार्थी रात्री जागवतात, परीक्षक गुण देतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि निबंध कपाटात पडतात. ज्याच्या हक्कांची थोरवी त्यात गायलेली असते, तो मात्र कचेरीच्या पायऱ्यांपाशी ताटकळतच राहतो. हा हक्कांचा गौरव नव्हे, ही हक्कांची विटंबना आहे!

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत दिव्यांगांना वावरता येतील अशा करा, असे कलम ४५ बजावते. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच उलटली. आणि सरकारचा पराक्रम काय? कायद्याने सक्ती केली, तर सरकारच्या नियम १५ ने तिची नुसती शिफारस करून टाकली! अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला हा नियम कायद्याविरुद्ध ठरवावा लागला. दृष्टिहीन रतुरींनी दाद मागितली होती २००५ साली. एका माणसाला एकोणीस वर्षे झुंजावे लागते, याची राज्यकर्त्यांना लाज वाटली पाहिजे!

या निकालाला आधार मिळाला तो हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांगत्व अभ्यास केंद्राच्या अहवालाचा. तेही विधी विद्यापीठातलेच लिखाण. पण ते बक्षिसासाठी नव्हते, न्यायासाठी होते.

आमच्या धाराशिव जिल्ह्याला अपंगत्वाची व्यथा परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आजच्या उमरगा-लोहारा तालुक्यांतली गावे गाडली. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या कित्येकांचा कणा, कित्येकांचे पाय कायमचे गेले. ती माणसे आता म्हातारी होत आहेत. त्यांना इंग्रजी निबंधातले दाखले नकोत. त्यांना रॅम्प हवा, कठडा हवा, मराठीत बोलणारा वकील हवा.

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. स्पर्धा घ्याच, पण मराठीत घ्या आणि कचेरीच्या दारात घ्या. विद्यार्थ्यांनी जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या तहसील कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखान्यांच्या पायऱ्या मोजाव्यात, स्वच्छतागृहांचे दरवाजे मोजावेत, माहिती अधिकारात उत्तरे मागावीत आणि पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रारी धाडाव्यात. पहिल्या कायदेभंगाला दहा हजारांपर्यंत आणि पुढच्याला पाच लाखांपर्यंत दंड सांगणारे कलम ८९ आहे. जिल्ह्याचे सत्र न्यायालय विशेष न्यायालय म्हणून नेमायला सांगणारे कलम ८४ आहे. कलमे पाठ करण्यासाठी नसतात, चालवण्यासाठी असतात!

विद्यार्थ्यांनो, तुमच्या अर्जावर कचेरीचा आवक शिक्का पडू द्या. ज्याच्या अर्जाने एक रॅम्प उभा राहील, पहिला क्रमांक त्याचाच!