खाणींतील वायु आणि कामकऱ्याचें हृदय

खाणींत स्फोट झाला, छत कोसळलें किंवा पाणी घुसलें, म्हणजे दोन दिवस सर्वत्र हळहळ होते, चौकशीची मागणी होते, आणि तिसऱ्या दिवशीं बाजार पूर्ववत् चालूं लागतो. परंतु खाणींत असाहि एक शत्रु आहे कीं, ज्याला आवाज नाहीं, रंग नाहीं, वास नाहीं, आणि ज्यानें घेतलेला बळी पुष्कळदां खाणीच्या तोंडाशीं न सांपडतां कामकऱ्याच्या घरीं अंथरुणावर सांपडतो. कार्बन मोनॉक्साइड हें त्याचें नांव. या वायूचा हृदयाशीं असलेला संबंध वाचकांपुढें मांडणें आज आम्हांस अवश्य वाटतें.

हा वायु एकदम प्राण घेतो ही गोष्ट नवी नाहीं. १८९६ सालीं वेल्समधील टायलर्सटाउन येथील स्फोटानंतर जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानें मृतांची तपासणी करून दाखवून दिलें कीं, त्यांपैकीं बहुतेक लोक स्फोटाच्या तडाख्यानें नव्हे, तर मागाहून पसरलेल्या या वायूनें मेले. त्याच्याच सूचनेवरून कॅनरी पक्षी पिंजऱ्यांत घालून खाणींत नेण्याची चाल पडली, व ती ब्रिटनमध्यें १९८६ पर्यंत टिकली. आपल्याकडे १९९४ च्या जानेवारींत राणीगंज भागांतील न्यू केंदा खाणींत आग लागून ५५ कामकरी गुदमरून मेले. तुर्कस्तानांतील सोमा येथें २०१४ सालीं ३०१ मेले, त्यांतील बहुतेक याच वायूनें. हे मृत्यु जगानें मोजले. आमचा प्रश्न न मोजलेल्यांविषयीं आहे.

रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्यावर बसून प्राणवायु शरीरभर जातो, त्या द्रव्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. शुद्ध हवेंत आल्यावरहि त्याचा निम्मा भाग निघून जाण्यास चार-पांच तास लागतात. आतां हृदयाची स्थिति पाहा. शरीराचे इतर स्नायु विश्रांतीच्या वेळीं रक्तांतील प्राणवायूचा थोडाच अंश घेतात, व श्रम पडले कीं अधिक घेतात. हृदय मात्र विश्रांतींतहि आपल्या वांट्याच्या रक्तांतून सुमारें पाऊण हिस्सा प्राणवायु काढून घेतें. त्याच्या गांठीं शिल्लक अशी फारशी नसतेच. गरज वाढली कीं अधिक रक्त मागविणें हाच त्याचा एक उपाय. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधींच अरुंद झाल्या आहेत, त्याला तोहि उपाय उरत नाहीं. अशा मनुष्यानें सुरुंगाच्या धुरांत, आपोआप तापूं लागलेल्या कोळशाजवळ किंवा डिझेल यंत्राच्या धुरांत आठ तास अंगमेहनत केली, तर काय होईल हें सांगावयास वैद्य नको.

तरी वैद्यांचेंहि म्हणणें ऐकावें. १९८९ सालीं अमेरिकेंत हृदयविकार असलेल्या ६३ पुरुषांची परीक्षा झाली. त्यांच्या रक्तांतील वर सांगितलेल्या द्रव्याचा अवघा दोन टक्के भाग या वायूनें व्यापला असतांहि श्रम करतांना छातींतील कळ लौकर उठली. त्यापूर्वीं १९८८ सालीं न्यूयॉर्कच्या पुलांवर व बोगद्यांत काम करणाऱ्या ५,५२९ अधिकाऱ्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. बोगद्यांत वाहनांच्या धुरांत उभ्या राहणाऱ्यांत हृदयविकाराचे ४५ मृत्यु अपेक्षित होते, झाले ६१. हे लोक खाणकामगार नव्हते हें खरें. पण वायु तोच आणि हृदयहि तेंच. त्याच हिशेबांतून दुसरी गोष्ट निघाली ती आशेची आहे: धुराचा संबंध सुटल्यावर पांच वर्षांच्या आंतच हा वाढलेला धोका बराचसा ओसरला. अर्थात् हें दैव नव्हे. टाळतां येण्याजोगें आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, कामकरी विडी ओढतात, दोष विडीचा आहे. विडीच्या धुरांतहि हाच वायु असतो, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु ज्याच्या डोक्यावर एक ओझें आहे, त्याच्या डोक्यावर दुसरें ठेवण्याचा अधिकार त्यामुळें कोणास मिळतो काय? दुसरे म्हणतील कीं, वायूची मर्यादा ठरलेली आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्यसंस्थेनें १९७२ सालीं दशलक्ष भागांत ३५ भाग ही मर्यादा सुचविली, ती रक्तांतील प्रमाण पांच टक्क्यांवर जाऊं नये म्हणून. रोगी हृदयाला दोन टक्केहि जड जातात हें वर सांगितलेंच आहे. मर्यादा पाळणें हा आरंभ आहे, शेवट नव्हे.

१९५२ च्या खाण-कायद्याखालीं जे रोग अधिसूचित झाले, त्यांत सिलिकोसिस होता, मँगॅनीजची विषबाधा होती; हृदयविकार नव्हता. १९५५ च्या नियमांनीं पांच वर्षांनीं एकदां वैद्यकीय तपासणीची तरतूद केली. पण पांच वर्षें हा काळ हृदयास फार मोठा. आमच्या मतें तीन गोष्टी तत्काळ व्हाव्या. चाळिशी उलटलेल्या प्रत्येक खाणकामगाराच्या हृदयाचा आलेख दरवर्षीं काढला जावा, व ठेकेदाराकडील मजूर त्यांतून वगळले जाऊं नयेत. वायूचें मोजमाप केवळ हवा परतण्याच्या वाटेवर न होतां प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या तोंडाजवळ व्हावें, आणि तो आंकडा त्याला त्याच्या भाषेंत वाचतां यावा. तिसरें, नोकरींत असतां हृदयविकारानें मेलेल्या प्रत्येकाची नोंद धनबादच्या खाण-सुरक्षा महासंचालनालयाकडे व्हावी. नोंदच नसेल, तर विधवेनें पुरावा आणावा कोठून?

आमचे व्यापारी वाचक म्हणतील, यांत आमचा काय संबंध? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांत २,९२० मेगावॅट विजेची क्षमता आहे, आणि ती कोळशावर चालते. त्या विजेच्या दिव्याखालीं बसूनच आपण रोजमेळ लिहितों. कोळशाची किंमत, वाहतूक, कर, सर्व कांहीं त्या वहींत बिनचूक चढतें. जी रक्कम चढत नाहीं, ती कोणीतरी भरीत असतोच. आणि येथें ती भरणारा जमिनीखालीं आहे.