तीनावर चालणारी गाडी

आमच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींत एका प्रीमियर पद्मिनीचीही गणना होते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही लेक. मुंबईतल्या तिच्या टॅक्सी-भगिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाल्या. आमची मात्र अजून सासरी नांदते आहे.

गेल्या वर्षी तिला खोकला जडला. वेगात असली की ठणठणीत, सिग्नलला उभी राहिली की साऱ्या अंगाने थरथरायची. मेकॅनिक मंडळी याला ‘मिसिंग’ म्हणतात. आम्ही प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर धुऊन घेतला. पैसे गेले, खोकला राहिला. ‘दिवाळीनंतर भंगारात द्या,’ असे चिरंजीवांनी सुचवले, तेव्हा वडिलांच्या हातची ही गाडी म्हणून माझ्या घशात आवंढा आला.

दिवाळीला कोल्हापूरला निघालो आणि कऱ्हाडला खेटून असलेल्या मलकापुरात तिने मान टाकली. हमरस्त्याच्या कडेला एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी कशालाही हात न लावता दोन मिनिटे नुसता आवाज ऐकला.

“सायेब, गाडी तीनावर चालतीया.”

मग त्यांनी इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन अडखळले. दुसरीला तेच, चौथीला तेच. तिसरी काढली, तर काहीच फरक नाही! म्हणजे तिसरा सिलिंडर नुसता हजेरी लावत होता. दुसऱ्याचा प्लग तिसऱ्याला लावला, मग वायरी बदलून पाहिल्या. दुखणे जागचे हलेना. तेव्हा विजेचा संशय मिटला. कॉम्प्रेशन मोजले, तर तिथेच कमी. भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. तेलाने रिंगा गळत असतील तर आकडा वाढतो. वाढला नाही. उरला व्हॉल्व्ह.

“आता थंड होऊ द्या. गरम इंजिनावर टॅपेट बघत न्हाईत.”

तोवर आम्ही रिक्षाने प्रीतिसंगमावर जाऊन आलो. कृष्णा-कोयनेच्या भेटीपुढे आणि यशवंतरावांच्या समाधीपुढे गाडीची चिंता तासभर विसरलो.

परतल्यावर मिस्त्रींनी वरचे झाकण काढले. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये गेजची पातळ पट्टीदेखील शिरेना. फट नाही, म्हणून तापून लांबलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता. सावकाश चालीत दाब गळायला वेळ मिळे. वेगात तो मिळत नसे, म्हणून दुखणे झाकले जाई.

“टॅपेट कुणी आवळलं?”

मी ओशाळलो. टकटक ऐकू येते म्हणून मीच आमच्या गॅरेजवाल्याच्या मागे लागून ते ‘गप्प’ करून घेतले होते.

“थोडं वाजलं पायजे, सायेब. आणिक महिनाभर तसंच पळवलं असतं, तर व्हॉल्व्ह जळून हेड उतरावं लागलं असतं.”

फट नीट लावली. चावी फिरवताच चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. मजुरी, आम्ही आधी बदललेल्या एका प्लगहूनही थोडीच जास्त!

कोल्हापूरपर्यंत टॅपेटची बारीक टकटक सोबतीला होती. सौ. म्हणाल्या, “आता तरी कळलं ना? जरा कुरकुर ऐकू येते, तोवर घर ठीक चाललंय समजायचं.”

मी रेडिओसुद्धा लावला नाही.