दिवा लावणे सोपे, तेवत ठेवणे कठीण

सूर्य कोणाची ऐपत पाहून उगवत नाही. शहरातील बंगल्याच्या गच्चीवर पडणारे ऊन सातपुड्यातील पाड्यावरच्या झोपडीलाही तितकेच लाभते. विजेच्या तारांचे मात्र तसे नाही. डोंगर आडवा आला, वस्ती विरळ असली की खांब थबकतात. अशा घरांसाठी सूर्य हाच खरा आधार, हे शासनानेही मानले आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत तारा न पोहोचणाऱ्या घरांना २०० ते ३०० वॅटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे आणि एक पंखा असा संच देण्याची तरतूद होती. पाच वर्षांची देखभालही त्यात होती. प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे.

सौर पॅनेल पंचवीस वर्षे काम देते. शिसे-आम्लाची बॅटरी मात्र साधारण चार-सहा वर्षांत थकते. नवी बॅटरी घ्यायची तर पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर आधी ठरलेले नसेल, तर छपरावर ऊन असूनही घरात अंधार परततो.

याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. बिहारमधील धरनई गावात २०१४ साली १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प गाजावाजाने उभा राहिला. काही वर्षांतच बॅटऱ्या निकामी झाल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत आणि प्रकल्पाच्या आवारात गुरे बांधली जाऊ लागली. त्याआधी दोन वर्षे, २०१२ साली, पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात दरेवाडी या आदिवासी वस्तीत सुमारे ९ किलोवॅटचा छोटा प्रकल्प झाला. तेथे ग्रामस्थांनीच न्यास स्थापिला, घरोघरी मीटर बसवले आणि वीज वापरेल त्याने पैसे भरावेत हा दंडक घातला. त्या पैशातून पुढील देखभालीची तजवीज झाली. दान म्हणून आलेली वस्तू आणि आपली म्हणून सांभाळलेली वस्तू यांतला हा भेद आहे.

एकट्या घराचा विचारही याच शिस्तीने व्हावयास हवा. आधी गरज मोजावी, मग सामग्री आणावी. सात वॅटचे चार दिवे पाच तास, तीस वॅटचा पंखा आठ तास आणि भ्रमणध्वनीचे चार्जिंग एवढाच वापर असेल, तर दिवसाला ०.४ युनिट वीज पुरते. त्यासाठी १५० वॅटचे पॅनेल पुरेसे होते. दोन दिवस ऊन पडले नाही तरी दिवे चालावेत आणि बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक रिती होऊ नये, यासाठी १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. बॅटरीच्या रक्षणासाठी चार्ज कंट्रोलर आवश्यकच. पॅनेल दक्षिणेकडे कललेले असावे, त्यावर झाडाची सावली नसावी, धूळ वरचेवर पुसावी आणि बॅटरीत शुद्ध केलेले पाणी वेळेवर घालावे. ही कामे घरातील शाळकरी मुलगाही शिकू शकतो.

आषाढ-श्रावणात सूर्य दडतो, तेव्हाच सह्याद्रीच्या पठारांवर वारा घोंघावतो. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पवनचक्क्या त्याची साक्ष देतात. उघड्या पठारावरील घराला छोटी पवनचक्की सौर पॅनेलची जोडीदार ठरू शकते. परंतु वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातील शक्ती एक-अष्टमांशावर येते. म्हणून झाडीत वा दरीत दडलेल्या घराने तिच्या मोहात पडू नये.

२०२३ साली आरंभलेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानातही दुर्गम घरांसाठी सौर संचांची तरतूद झाली. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमाती त्या अभियानात येतात. संच घरापर्यंत नेणे हे शासनाचे काम. त्यापुढचे काम समाजाचे. वनवासी वस्त्यांशी नित्य संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. प्रत्येक पाड्यावर दुरुस्ती जाणणारे दोन तरुण किंवा दोन भगिनी तयार कराव्यात आणि दरमहा थोडी का होईना, बॅटरीसाठी रक्कम बाजूला पडेल अशी सवय लावावी. उद्घाटनाच्या दिवशी दिवा सर्वांनाच दिसतो. सहाव्या वर्षीच्या पावसाळी रात्री त्याच दिव्याखाली पाड्यावरची एखादी मुलगी अभ्यास करत बसलेली दिसली, तरच ते काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.